किक आणि पंट रिटर्नरची निवड कशी होते: कॉलेज फुटबॉलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या विद्यापीठात शिकायला गेलेला मराठी विद्यार्थी पहिल्याच सेमिस्टरमध्ये शनिवारच्या फुटबॉल सामन्याला जाऊन बसतो आणि टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोल रेषेपलीकडे नेणे, हे त्याला अर्ध्या तासात कळते. परंतु मैदानाच्या एका टोकाला एकटाच उभा राहून आकाशाकडे पाहणारा तो खेळाडू नेमके काय करतो आणि त्याला तिथे कोणत्या हिशेबाने उभे केले आहे, हे कळायला बहुधा सगळा हंगाम जातो. पुढील प्रश्नोत्तरे त्या खेळाडूच्या, म्हणजे रिटर्नरच्या, निवडीविषयी आहेत. नियम कॉलेज फुटबॉलचे गृहीत धरले आहेत. व्यावसायिक एनएफएलमधील नियम जिथे वेगळे आहेत आणि तो फरक महत्त्वाचा आहे, तिथे तसे सांगितले आहे.

किकऑफ रिटर्न आणि पंट रिटर्न ही दोन वेगळी कामे का मानली जातात?

दोन्हींत चेंडू झेलून पुढे पळायचे असते, एवढेच साम्य आहे. किकऑफ डावाच्या आरंभी आणि बहुतेक वेळा गुण झाल्यानंतर होतो. मारणारा संघ स्वतःच्या ३५ यार्ड रेषेवरून (म्हणजे आपल्या गोल रेषेपासून ३५ यार्डांवरून) चेंडू मारतो, तो साठ-पासष्ट यार्ड दूर जातो आणि झेलणाऱ्याच्या हाती चेंडू येतो तेव्हा प्रतिस्पर्धी अजून बरेच लांब असतात. पंट मात्र चौथ्या डाउनवर, म्हणजे पुढे सरकण्याच्या शेवटच्या प्रयत्नाच्या वेळी, चेंडू प्रतिस्पर्ध्याला शक्य तितक्या लांब देऊन टाकण्यासाठी मारतात. तो चाळीस-पंचेचाळीस यार्डच जातो, पण उंच जातो, आणि तो खाली येईपर्यंत मारणाऱ्या संघाचे दोन-तीन खेळाडू झेलणाऱ्याच्या छातीशी येऊन ठेपलेले असतात.

नियमांतील एक फरक याहूनही महत्त्वाचा आहे. किकऑफचा चेंडू १० यार्ड पुढे गेला की तो जो पकडेल त्याचा असतो, त्यामुळे रिटर्नरला तो मैदानात सोडून देता येत नाही. पंटचे उलट आहे. झेलणाऱ्या संघाच्या कोणीही चेंडूला स्पर्श केला नाही, तर मारणारा संघ तो फक्त जागीच थांबवू शकतो. चेंडूचा ताबा झेलणाऱ्या संघाकडेच येतो. म्हणजे पंटच्या वेळी काहीही न करणे हा एक कायदेशीर आणि कित्येकदा सर्वांत शहाणा पर्याय असतो. पंट रिटर्नरची निवड बरीचशी या एका वाक्याभोवती फिरते.

संघातील सर्वांत वेगवान खेळाडू उभा केला की काम होत नाही का?

नाही, आणि नव्या प्रेक्षकाचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. वेग चेंडू हातात पक्का आल्यानंतर उपयोगी पडतो. पंट हातातून निसटला आणि मारणाऱ्या संघाने तो उचलला, तर चेंडू त्यांचा. कॉलेजच्या नियमांनुसार अशा निसटलेल्या पंटवर त्यांना पुढे पळता येत नाही, तरीही आपली आक्रमक फळी मैदानात येण्याऐवजी बचावफळीलाच परत उतरावे लागते, तेही बहुधा आपल्याच अर्ध्यात. चांगल्या रिटर्नमधून सरासरीने आठ-दहा यार्ड मिळतात. एका निसटलेल्या चेंडूने चाळीस यार्ड आणि एक आख्खी पाळी जाते. हा हिशेब ज्याला पटला आहे तो प्रशिक्षक १०० यार्ड वाऱ्यासारखा पळणारा, पण दहापैकी एक झेल सोडणारा मुलगा किकऑफसाठी ठेवतो आणि पंटसाठी खात्रीच्या हातांचा, थोडा कमी वेगाचा खेळाडू घेतो.

पंट झेलणे इतके अवघड का असते?

क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळ उंच झेल घेतलेल्या कोणालाही यातील अर्धे काम ओळखीचे वाटेल: चेंडू उडाल्याबरोबर तो कुठे पडेल याचा अंदाज घेणे, पाय आधी तिथे नेणे आणि मग स्थिर होणे. उरलेले अर्धे काम क्रिकेटमध्ये नाही. क्रिकेटचा चेंडू गोल असतो, फुटबॉल दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो हवेत कसा फिरतो आहे यावर त्याचा मार्ग ठरतो. चेंडूचे टोक शिखरावरून खाली वळले, तर तो अपेक्षेपेक्षा लांब जातो. टोक वरच राहिले, तर तो अलीकडेच पडतो. उजव्या पायाच्या पंटरचा चेंडू ज्या बाजूला सरकतो, त्याच्या विरुद्ध बाजूला डावखुऱ्या पंटरचा सरकतो. म्हणून डाव्या पायाचा पंटर असलेल्या संघाशी सामना असेल, तर त्या आठवड्यात सरावासाठी डाव्या पायाने मारणारा कोणी तरी शोधला जातो किंवा चेंडू फेकणाऱ्या यंत्राची फिरकी उलटी केली जाते. यात वारा, दुपारचे तिरके ऊन आणि रात्रीच्या सामन्यातील दिव्यांचा झोत यांची भर पडते.

आणि हे सगळे करताना आपल्या दिशेने धावत येणाऱ्या माणसांकडे पाहायचे नसते. अनुभवी रिटर्नर चेंडू शिखरावर असताना एकदाच, क्षणभर नजर खाली टाकून कोण किती जवळ आले आहे हे टिपतो आणि पुन्हा चेंडूकडे पाहतो. ज्याची नजर दोनदा खाली जाते त्याच्या हातून चेंडू जातो. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे ही म्हण इथे अगदी शब्दशः लागू पडते.

सरावात हे गुण कसे पारखले जातात?

उन्हाळी शिबिरात पंट झेलू इच्छिणाऱ्या आठ-दहा मुलांची रांग लागते. त्यांत वाइड रिसीव्हर (पास झेलणारे आक्रमक), कॉर्नरबॅक आणि सेफ्टी (मागच्या फळीतले बचावपटू) यांचा भरणा असतो. प्रत्येकाने किती चेंडू झेलले, किती सुटले, किती जमिनीवर पडू दिले याची नोंद ठेवली जाते. एक जुना सराव असा: पहिला चेंडू झेलायचा आणि तो काखेत धरूनच दुसरा झेलायचा, मग दोन्ही सांभाळून तिसरा. हात अडकलेले असल्याने मुलगा चेंडूखाली बरोबर उभा राहिला नसेल, तर चेंडू छातीवर येतच नाही. हा सराव मुळात हातांपेक्षा पायांची परीक्षा घेतो. दुसऱ्या प्रकारात झेलाच्या नेमक्या क्षणी कोणी तरी समोरून उशी आपटतो, टॉवेल फडकावतो, ओरडतो.

माझ्या मते निवडीसाठी सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे झेलापूर्वीचे शेवटचे एक सेकंद पाहणे. जो मुलगा त्या वेळी थांबलेला असतो, तो चेंडू वाचू शकतो. जो अजून पळतो आहे आणि हात लांब करून चेंडू गाठतो आहे, त्याने आज झेल घेतला तरी नोव्हेंबरच्या पावसात तो सुटेल.

फेअर कॅच म्हणजे काय आणि त्याचा निवडीशी संबंध काय?

चेंडू हवेत असताना रिटर्नरने एक हात डोक्याच्या वर उंच नेऊन एकाहून अधिक वेळा हलवला, तर त्याला निर्विघ्न झेल घेण्याचा अधिकार मिळतो. बदल्यात त्याला झेलानंतर पुढे पळता येत नाही. दिसायला ही माघार वाटते, पण समोर तीन यार्डांवर दोन खेळाडू असताना ती न घेणे हा निव्वळ हट्ट असतो. त्यामुळे प्रशिक्षक असा मुलगा शोधतात ज्याला टाळ्यांचा मोह आवरता येतो.

संकेताची अचूकता किती महत्त्वाची असते याचे कडू उदाहरण २१ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवा आणि मिनेसोटा या विद्यापीठांच्या सामन्यात घडले. आयोवाचा संघ १०-१२ असा मागे होता आणि शेवटची दीडेक मिनिटे उरली होती. कूपर डीजीन या त्यांच्या कॉर्नरबॅकने टप्पा पडून उसळलेला पंट कडेच्या रेषेजवळ उचलला आणि ५४ यार्ड पळत टचडाउन केले. स्टेडियम अक्षरशः दणाणले. त्यानंतर पंचांनी चित्रफीत पाहिली, त्याने त्याआधी डावा हात खालच्या खाली हलवल्याचे त्यांना दिसले आणि तो अवैध फेअर कॅच संकेत ठरला. असा संकेत दिल्यावर चेंडू हाती येताच खेळ थांबतो, त्यामुळे टचडाउन रद्द झाले आणि आयोवाने सामना १०-१२ असाच गमावला. त्या हाताचा हेतू काय होता यावर वाद आजही होतो. नियमाला मात्र हेतूशी कर्तव्य नव्हते.

चेंडू सोडून द्यायचा केव्हा, हे कोण ठरवते?

ढोबळ नियम सरावातच ठरतो. मारणारा संघ मैदानाच्या मध्याजवळ असेल, तर रिटर्नर आपल्या टाचा १० यार्ड रेषेवर ठेवतो, काही संघांत ८ यार्ड रेषेवर, आणि तिथून मागे जायचे नाही असे बजावले जाते. चेंडू डोक्यावरून गेला, तर जाऊ द्यायचा; तो एंड झोनमध्ये, म्हणजे गोल रेषेमागच्या पट्ट्यात, गेला की टचबॅक होऊन आपली पाळी २० यार्ड रेषेवरून सुरू होते. चेंडू आपल्या बाजूच्या इतर खेळाडूंना चुकून लागू नये म्हणून रिटर्नर ओरडून एक ठरलेला शब्द देतो. ‘पीटर’ आणि ‘पॉयझन’ हे त्यांतले नेहमीचे. तो शब्द वेळेवर आणि मोठ्याने देणे हा निवडीचा भाग आहे. लाजाळू मुलाला इथे जागा नाही.

मोहापायी हा नियम कसा मोडतो हे १ जानेवारी २०२४ च्या रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात दिसले. मिशिगनच्या रिटर्नरच्या हातून सुरुवातीलाच अलाबामाचा एक पंट निसटला आणि त्यातून अलाबामाचे पहिले टचडाउन झाले. शेवटच्या मिनिटाला बरोबरी असताना मिशिगनच्याच दुसऱ्या रिटर्नरने स्वतःच्या गोल रेषेजवळ पडणारा पंट झेलायचा प्रयत्न केला, तो निसटला आणि अगदी थोडक्यात सावरला गेला. मिशिगनने सामना जादा वेळेत २७-२० असा जिंकला म्हणून ती चूक आज हसत सांगितली जाते.

आता याच्या उलट बाजूचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या पंट रिटर्नपैकी एक, मिशिगनच्या डेस्मंड हॉवर्डने १९९१ मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध केलेला, ९३ यार्डांचा होता. म्हणजेच तो चेंडू त्याने ७ यार्ड रेषेवर घेतला होता. त्या हंगामात त्याला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे देशातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, मिळाली. एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) बिली कॅननने ३१ ऑक्टोबर १९५९ च्या रात्री ओल मिसविरुद्ध (मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध) ११ यार्ड रेषेवर उसळता चेंडू घेतला आणि ८९ यार्ड पळून ७-३ असा सामना जिंकून दिला. त्या वर्षीची हाइझमनही त्याचीच. प्रशिक्षक हे दोन्ही रिटर्न मुलांना दाखवतात आणि लगेच टाचा १० यार्ड रेषेवर ठेवायला सांगतात.

किक रिटर्नरसाठी वेगळे काय पाहतात?

इथे वेगाला आणि अंगाच्या ताकदीला खरा मान आहे. किकऑफ झेलताना रिटर्नर आधीच पुढे चालू लागलेला असावा लागतो, म्हणजे चेंडू हाती येताच चौथ्या पावलाला तो पूर्ण वेगात असतो. समोर सहकाऱ्यांनी उघडलेली फट क्षणभरच टिकते, त्यामुळे डावीकडे-उजवीकडे नाचणारा खेळाडू इथे निरुपयोगी ठरतो. फट दिसली की सरळ आत शिरणारा हवा. म्हणूनच या जागी राखीव रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा आक्रमक) बऱ्याचदा दिसतो. बॅरी सँडर्स १९८७ मध्ये ओक्लाहोमा स्टेटमध्ये थर्मन थॉमसच्या मागे राखीव होता आणि किकऑफ परत आणण्यात अग्रेसर होता. पुढच्याच वर्षी त्याने हाइझमन जिंकली. क्लेम्सनच्या सी. जे. स्पिलरने आपल्या कारकिर्दीत किकऑफवर सात टचडाउन केले, आणि तोही रनिंग बॅकच.

किकऑफवरही एक निर्णय असतोच. चेंडू एंड झोनमध्ये झेलून गुडघा टेकला, तर टचबॅक होऊन २५ यार्ड रेषा मिळते. २०१८ पासून कॉलेजमध्ये २५ यार्ड रेषेच्या आत किकऑफचा फेअर कॅच घेतला, तरी चेंडू २५ वरच ठेवला जातो. तीन यार्ड आतून निघालेल्या रिटर्नरला केवळ बरोबरी साधण्यासाठी २८ यार्ड पळावे लागतात, आणि वाटेत सहकाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला मागून ढकलल्याचा दंड झाला, तर तेही पाण्यात. एनएफएलने २०२४ मध्ये किकऑफची सगळी मांडणी बदलली. कॉलेजमध्ये जुनी पद्धत टिकून आहे, त्यामुळे व्यावसायिक सामन्यांतील किक रिटर्न पाहून कॉलेजच्या निवडीविषयी मत बनवू नये.

एकच खेळाडू दोन्ही कामे करू शकतो का?

करू शकतो आणि पुष्कळांनी केली आहेत. नोत्र दामच्या रघीब ‘रॉकेट’ इस्माइलने १९८९ मध्ये मिशिगनविरुद्ध एकाच सामन्यात दोन किकऑफ टचडाउनपर्यंत नेले, आणि पंटसाठीही तोच उभा राहत असे. तरीही दोन वेगळे खेळाडू तयार ठेवणे हीच सामान्य पद्धत आहे.

संघाच्या प्रमुख खेळाडूला या कामावर लावणे योग्य आहे का? दुखापत झाली तर?

या प्रश्नावर प्रशिक्षकांत कधीच एकमत होणार नाही. बाजूने बोलणारे चार्ल्स वूडसनचे नाव घेतात: मिशिगनचा हा कॉर्नरबॅक १९९७ मध्ये हाइझमन जिंकणारा पहिला प्रामुख्याने बचावपटू ठरला आणि ओहायो स्टेटविरुद्धचा त्याचा ७८ यार्डांचा पंट रिटर्न त्यात मोलाचा होता. नेब्रास्काच्या जॉनी रॉजर्सने १९७१ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध ७२ यार्डांच्या पंट रिटर्नने ज्या सामन्याचा आरंभ केला, तो नेब्रास्काने ३५-३१ असा जिंकला. चार गुणांच्या फरकाने जिंकलेल्या सामन्यात ते सात गुण कुठून आले हे विसरता येत नाही.

विरोधात बोलणारे टेड गिन ज्युनिअरची आठवण काढतात. जानेवारी २००७ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात ओहायो स्टेटच्या या रिसीव्हरने पहिलाच किकऑफ ९३ यार्ड नेऊन टचडाउन केले. सहकारी आनंदाने त्याच्या अंगावर कोसळले, त्यात त्याचा पाय दुखावला आणि तो सामन्यात पुढे जवळजवळ खेळलाच नाही. फ्लोरिडाने ४१-१४ असा विजय मिळवला. खरे तर ही दुखापत रिटर्नमुळे झाली नव्हती, जल्लोषामुळे झाली होती. पण वादात असा बारकावा टिकत नाही.

माझे मत असे की प्रमुख खेळाडू पंटसाठी ठेवावा आणि किकऑफसाठी शक्यतो नको. पंटवर त्याला फेअर कॅचचे संरक्षण असते आणि त्याचे हात भरवशाचे असतात. किकऑफवर मात्र पूर्ण वेगातील दोन माणसे एकमेकांवर आदळतात.

पहिल्या वर्षाच्या मुलाला संधी मिळते का?

किकऑफवर लवकर मिळते, पंटवर उशिरा. हायस्कूलच्या पंटरचे चेंडू बुटके आणि कमी उंचीचे असतात, त्यामुळे कॉलेजचा उंच पंट मुलाला नवाच असतो. शिष्यवृत्तीविना संघात आलेल्या वॉक-ऑन खेळाडूंना मात्र हा रस्ता कायम खुला राहिला आहे. आयोवाचा केडन वेटजेन याच वाटेने आला आणि २०२४ च्या हंगामात देशातील सर्वोत्तम रिटर्नरला मिळणारा जेट अवॉर्ड त्याने जिंकला. हा पुरस्कार वर उल्लेखलेल्या जॉनी रॉजर्सच्या ‘जेट’ या टोपणनावाने दिला जातो.

आकडेवारीत नेमके काय पाहावे?

सरासरीवर एकट्यावर विसंबू नये. समजा, एका खेळाडूने दहा पंट परत आणले, नऊ वेळा पाच-पाच यार्ड आणि एकदा ८५ यार्ड. सरासरी १३ निघते, जी यादीत उठून दिसते. पण बाकीच्या नऊ वेळा त्याने संघाला फारसे काही दिलेले नसते. शिवाय सरासरीत फेअर कॅच दिसत नाही, आणि भीतीने चेंडू न झेलल्यामुळे तो टप्पे खात मागे गेलेले पंधरा यार्डही दिसत नाहीत. हे नुकसान सर्वांत जास्त लपून राहते. म्हणून संघांचे विश्लेषक प्रत्येक पंटनंतर चेंडू अखेर कुठे ठेवला गेला, हे मोजतात.

टचडाउनचे विक्रम वाचायला मजा येते, आणि त्यांतही एक खूण सापडते. वॉशिंग्टनच्या डँटे पेटिसने २०१७ मध्ये कारकिर्दीतील नववे पंट टचडाउन करून विक्रम केला. त्याआधीचा आठचा विक्रम टेक्सास टेकचा वेस वेल्कर आणि ओक्लाहोमाचा अँटोनियो पर्किन्स यांच्या नावे होता. वेल्कर बुटका होता, फार वेगवानही मानला जात नव्हता आणि एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधून नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) त्याला कोणी घेतलेही नाही.

चांगल्या रिटर्नमध्ये ब्लॉक करणाऱ्यांचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या सहकाऱ्यांचा, वाटा किती?

अर्ध्याहून अधिक, असे म्हटले तर रिटर्नरही हरकत घेत नाहीत. १ जानेवारी १९९१ च्या ऑरेंज बोलमध्ये इस्माइलने शेवटच्या मिनिटाला ९१ यार्डांचा पंट रिटर्न केला, पण सहकाऱ्याने मागून अडवल्याचा दंड लागला, टचडाउन गेले आणि कोलोरॅडोने सामना १०-९ असा राखला. म्हणून निवड करताना ब्लॉक करणाऱ्यांची वाट पाहू शकणारा, ठरलेल्या बाजूलाच पळणारा रिटर्नर हवा असतो. आर्कान्सॉच्या जो ॲडम्सने २०११ मध्ये टेनेसीविरुद्ध आधी मागे पळत, घोळक्यातून सुटत ६० यार्डांचे टचडाउन केले, ते पाहताना अंगावर काटा येतो. मात्र त्याची नक्कल करणाऱ्या मुलाला पुढच्या पंटला बाकावर बसवले जाते.

पंट रिटर्न पूर्वीपेक्षा कमी का दिसतात?

एनएफएलमध्ये चेंडू पायाने मारला जाईपर्यंत कडेचे दोन खेळाडू सोडून इतरांना पुढे जाता येत नाही. कॉलेजमध्ये ही बंदी नाही, सगळे स्नॅपबरोबरच, म्हणजे चेंडू मागे पंटरकडे दिला जाताच, निघू शकतात. स्नॅपपासून लाथेपर्यंत सुमारे दोन सेकंद आणि चेंडू हवेत चार, म्हणजे त्यांना सहा सेकंद मिळतात. त्यात गेल्या काही वर्षांत ऑस्ट्रेलियातून आलेल्या पंटरांची भर पडली आहे. ते पळता पळता कोणत्याही बाजूला मारतात आणि चेंडू जमिनीवर घरंगळत नेतात. अशा चेंडूसमोर रिटर्नरला उभे कुठे राहायचे हेच कळत नाही. परिणामी काही संघ आता दोन रिटर्नर मागे ठेवतात, आणि निवडीत टप्पा पडलेला चेंडू सुरक्षितपणे उचलण्याच्या कसबाला पूर्वीपेक्षा जास्त गुण देतात.

फील्ड गोलच्या वेळीही रिटर्नर ठेवतात का?

लांबून मारलेला फील्ड गोल (लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारून गुण मिळवण्याचा प्रयत्न) कमी पडण्याची शक्यता असेल, तर ठेवतात. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी अलाबामाने शेवटच्या सेकंदाला ५७ यार्डांचा प्रयत्न केला, तेव्हा ऑबर्नने वेळ मागून घेऊन क्रिस डेव्हिसला गोलखांबाखाली उभे केले. डेव्हिस त्यांचा कॉर्नरबॅक आणि नेहमीचा पंट रिटर्नर होता. चेंडू कमी पडला, त्याने तो एंड झोनच्या मागच्या टोकाजवळ झेलला आणि समोर अलाबामाचे बहुतेक धिप्पाड लाइनमन असल्याने कडेने थेट दुसऱ्या टोकाला पोहोचला. ऑबर्न ३४, अलाबामा २८. नोंदीत तो रिटर्न १०० यार्डांचा आहे, कारण कॉलेजच्या आकडेवारीत एंड झोनमधील यार्ड मोजले जात नाहीत.